फुकटची शाळा म्हणून घरचे हिणवतात, मुलीला काढू का?

पत्र :

ताई, नमस्कार. मी नाशिकला पेठ रोडला राहते. आम्ही कोकणा आदिवासी, गाव सुरगाणा तालुक्यात, पण बरीच वर्षं इथंच आहोत. मालक गवंडीकाम करतात. मी द्राक्षाच्या टोळीत जाते, मखमलाबाद, मातोरी, मुंगसऱ्याकडं. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवायचे), काढणी, जे असेल ते. सीझन संपला की दोन-तीन घरची धुणीभांडी.

मुलगी तिसरीत आहे. वस्तीजवळ एका संस्थेची मराठी शाळा आहे, तिथं जाते. फी नाही. वह्या-पुस्तकं, दुपारचा खाऊ सगळं तेच देतात. पोरगी आवडीनं जाते. पण सासूबाई म्हणतात, तिथं नुसतं काड्या नि चिंचोके घेऊन खेळवतात, वहीत काही दिसत नाही. दीर अंबडला कंपनीत आहेत, त्यांचा मुलगा इंग्लिश मीडियमला आहे. गेल्या महिन्यात त्यांना मोबाइलवर संस्थेनं टाकलेला फोटो दिसला. पाहुण्यांच्या हातून आमची पोरगी दप्तर घेतेय आणि खाली लिहिलंय, झोपडपट्टीतल्या या गरीब मुलांना तुमच्या मदतीची गरज आहे. मालकांना फार लागलं. काढून टाक तिथून, म्हणाले. दीर पहिल्या वर्षाची फी भरतो म्हणतात, पण एकाचीच. मग धाकट्याला, तो पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, त्याला इंग्लिशला घालू आणि पोरीला महापालिकेच्या शाळेत टाकू, असं घरात चाललंय.

मी पाचवी शिकलेय. शाळा चांगली का वाईट ते मला कसं कळणार? आणि फुकट शिकवतात त्यांना आपण विचारायचं तरी कसं? पत्र भाचीकडून लिहून घेतलंय.

– एक आई, पेठ रोड

उत्तर :

ताई, आधी फोटोचं बोलू, कारण घरातला सगळा तिढा तिथून सुरू झालाय असं मला वाटतं. मालकांना लागलं ते अगदी बरोबर आहे. संस्थेला देणगीदार लागतात आणि देणगीदारांना काम दाखवावं लागतं, हे मी समजू शकते. पण काम दाखवायचं तर मुलं काय शिकली ते दाखवावं. त्यासाठी तुमच्या लेकीचा चेहरा आणि त्याखाली तिची गरिबी कशाला हवी? तिला तो फोटो उद्या कुणी वर्गात दाखवला तर तिनं काय करायचं?

दोघं मिळून शाळेत जा. मालकांनाच बोलू द्या. म्हणावं, "आमच्या मुलीचा तो फोटो काढून टाका, आणि इथून पुढं आम्हाला विचारल्याशिवाय टाकू नका." प्रवेशाच्या वेळी तुम्ही ज्या कागदांवर सह्या केल्यात त्यात फोटोची परवानगी असण्याची शक्यता आहे. तसं असलं तरी घाबरू नका. परवानगी मागं घेतो असं दोन ओळींत लिहून द्या, भाची लिहून देईल, आणि त्याची एक प्रत त्यांच्या सहीनिशी आपल्याकडं ठेवा. ते कसं वागतात ते नीट बघा. फोटो काढला, चुकलं म्हणाले, तर ती माणसं तुमच्या मुलीला शिकवायच्या लायकीची आहेत असं समजा. "एवढं फुकट देतो तरी तक्रार?" असं कुणी म्हणालं, तर मात्र मला त्या शाळेची काळजी वाटेल.

फुकट शिकवतात त्यांना विचारायचं कसं, असं तुम्ही लिहिलंय. ताई, घरचे 'फुकट म्हणजे हलकं' म्हणतात आणि तुम्हाला 'फुकट म्हणजे उपकार' वाटतं. दोन्ही मनातून काढा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा हक्क आहे. २००२ साली घटनादुरुस्ती करून तो घटनेत घातला, २००९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढं बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं होतं. ही सगळी मोठी माणसं हलकं काही मागत नव्हती. आणि संस्थेला जी देणगी मिळते ती तुमच्या मुलीसारख्या मुलांच्या नावानं मिळते. त्या पैशात पोरगी काय शिकली, हे विचारायचा पहिला मान तुमचा आहे, देणगीदाराचा नंतर.

आता काड्यांचं. सासूबाईंना जे खेळ वाटतं ते काय आहे ते सांगते, म्हणजे त्यांनाही सांगता येईल. ५२ मधून ३७ वजा करायचे आहेत. पोरीपुढं दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असतात. सात सुट्या काढायच्या, पण सुट्या तर दोनच. मग ती एक गठ्ठा सोडते. दोनाच्या बारा होतात, त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. गठ्ठे चार राहिले होते, त्यातले तीन गेले, एक उरला. पंधरा. आपण शाळेत "हातचा घे" एवढंच ऐकलं आणि का घ्यायचा ते कुणी सांगितलं नाही. तुमच्या लेकीनं तो हातचा स्वतःच्या हातानं सोडवून बघितलाय. हे जिच्या डोक्यात बसलं तिला चौथी-पाचवीत मोठी वजाबाकी अडत नाही. अर्थात काड्यांवरून हळूहळू कागदावर यायला हवं. तिसरीचं वर्ष संपायला आलं तरी पोरगी काड्यांशिवाय मांडूच शकत नसेल, तर बाईंना विचारा.

वहीत काही दिसत नाही म्हणता, तर दिराच्या मुलाची वही एकदा मागून घ्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. पानंच्या पानं सुंदर अक्षरात भरलेली, एकही खाडाखोड नाही, असं दिसलं तर बहुधा ते फळ्यावरून उतरवलेलं असतं. मुलीच्या वहीत तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेली चार वाकडीतिकडी वाक्यं असतील, त्यातल्या चुका बाईंनी दुरुस्त केलेल्या असतील, तर त्या चार ओळी मला जास्त मोलाच्या वाटतात. तिथं लेकरू विचार करतंय आणि कुणीतरी ते वाचतंय. मात्र तिच्या वहीत खरोखरच काही नसेल, महिनोन्‌महिने कोरी असेल, तर सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्या.

शाळा चांगली का वाईट हे पाचवी शिकलेल्या बाईला अगदी नीट कळतं. त्यासाठी शाळेच्या इमारतीकडं बघू नका, पोरीकडं बघा. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक कुणाकडून तरी आणा, तिनं आधी वाचलेला धडा नको, दुसरा घ्या. म्हणा, वाच. अडखळत का होईना, वाक्य वाक्यासारखं वाचतेय का? मग पुस्तक मिटा आणि काय झालं गोष्टीत ते विचारा. आपल्या बोलीत सांगितलं तरी चालेल, उलट बोलीतच सांगू द्या. त्यानंतर हिशोब. दुकानात शंभराची नोट दिली, चौसष्ट रुपयांचं सामान आलं, परत किती यायला हवेत? बोटांवर मोजू दे, कागद घेऊ दे, घाई करू नका. दर दोन-तीन महिन्यांनी असं करा आणि आधीपेक्षा पुढं गेली का ते बघा.

हे सोपं वाटेल, पण देशात मोठ्या पाहण्या अशाच होतात. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला लावते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण २७ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. त्यात फी भरून खासगी शाळेत जाणारी मुलंही धरलेली आहेत. म्हणजे तुमची लेक जर तिसरीत दुसरीचा धडा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगत असेल, तर ती शाळा तिचं काम चोख करतेय, दिरांना हे खुशाल सांगा.

इंग्रजीची ओढ मला कळते. बाहेर जग कुठं चाललंय ते तुम्हालाही दिसतं. पण तुमच्या लेकीसाठी मराठी हीच घराबाहेरची भाषा होती. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी, आणि तिनं तेवढं अंतर कापलंय. आता तिसरीतून उचलून इंग्रजी माध्यमात टाकलं तर विज्ञान, गणित, परिसर सगळं एकदम परक्या भाषेत. बहुतेक शाळा एखादी यत्ता मागं बसवतील. घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही, म्हणून शिकवणी लावावी लागेल. फी एवढीच रक्कम धरू नका. गणवेश, बूट, शाळेतूनच घ्यायची पुस्तकं, व्हॅन, शिकवणी, हे सगळं एका कागदावर मांडा. आणि दीर पहिल्या वर्षाचं म्हणतात. दुसऱ्या वर्षाचं काय? त्यांनी आपुलकीनं सांगितलंय, त्यांचा मान ठेवा, पण पैसे थांबले की मधेच काढलेल्या लेकराचे फार हाल होतात. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तेव्हा संस्थेला हे विचारा की इंग्रजी किती वेळ शिकवता, मुलं बोलतात का, आणि पुढं सेमी इंग्रजी आहे का, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. आधी आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचायला शिकलेलं मूल इंग्रजी धरतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरच्या किंवा परिसरातल्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय.

माझं मत विचाराल तर पोरीला तिथून काढू नका. आवडीनं शाळेत जाणारं लेकरू हीच किती मोठी गोष्ट आहे. पण डोळे मिटूनही ठेवू नका. संस्थेला काही गोष्टी विचाराव्याच लागतील, आणि त्या अशा.

शाळेला सरकारची मान्यता आहे ना, यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारच्या नोंदीतला शाळेचा क्रमांक, काय आहे? काही संस्था चांगलं शिकवतात पण ते केंद्र असतं, शाळा नसते, आणि मुलांची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर असतात. तुमच्या मुलीचं नाव नेमकं कुठल्या पटावर आहे ते माहीत पाहिजे. मग, शाळा कितवीपर्यंत आहे? चौथीपर्यंत असेल तर पाचवीला कुठं, सातवीपर्यंत असेल तर आठवीला कुठं, आणि आधीची मुलं कुठं गेली? खरं तर याच प्रश्नाच्या उत्तरावरून संस्था कळते. जी संस्था गेलेल्या मुलांची नावं घेऊन सांगते, अमकी दहावीला आहे, तमका आयटीआयला आहे, तिचा जीव मुलांत आहे. अनुदानित आहे की विनाअनुदानित, म्हणजे शाळेला सरकारचे पैसे मिळतात की नाही, हेही विचारा, कारण त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. पण ती सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. पाचवी-सहावीनंतर शाळा बदलायची वेळ आली तर हे लक्षात ठेवून बदला. त्या वेळी महापालिकेची शाळा चांगली वाटली तर अवश्य घाला. महापालिकेत जीव ओतून शिकवणारे शिक्षक आहेत. आज नको म्हणते ते एवढ्यासाठी, की भावाच्या फीची सोय व्हावी म्हणून बहिणीची रुळलेली शाळा मोडायची, हे मला मान्य नाही.

आणखी एक विचारा, जरा अवघड वाटेल तरी. शाळेचा खर्च कशातून चालतो आणि पुढच्या वर्षीची सोय आहे ना? बऱ्याच संस्थांना कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसे येतात आणि ते ठरावीक वर्षांपुरते असतात. निधी संपला की शिक्षक जातात, वर्ग एकत्र करतात. आईबापांना हे शेवटच्या दिवशी कळू नये. चांगली संस्था मोकळेपणानं सांगते.

हे सगळं विचारायला पालकसभेला जावं लागेल, आणि सभा कामाच्या दिवशी असली की तुमचा रोज बुडतो. टोळीची पिकअप सकाळी लवकर निघते, तिला थांब म्हणता येत नाही. पाच-सहा आया मिळून सांगा की छाटणी ते काढणीच्या दिवसांत सभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्या. एकटीनं सांगितलं तर विसरतात. आणि तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण विचारते : डिपिंगच्या दिवसांत तुम्हाला अंधार पडेपर्यंत यायला जमत नाही, तेव्हा धाकट्याला सांभाळायला पोरगी घरी थांबते का? थांबत असेल तर ते आधी बंद करा. धाकट्याची सोय अंगणवाडीत, शेजारी, सासूबाईंकडं बघा. शाळा कितीही चांगली असली तरी सीझनमध्ये दोन महिने खाडे झाले तर पोरगी मागं पडते, आणि दोष शाळेवर येतो.

आता धाकट्याचं. त्याच्यासाठी दिरांच्या पैशांशिवाय एक वाट आहे. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि आठवीपर्यंत फी घेता येत नाही. २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून जवळपास सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती, पण मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली. अनुसूचित जमातीला यात उत्पन्नाची अट नाही. मुलीला आता हे मिळणार नाही, कारण ती तिसरीत आहे. मुलाला मिळू शकतं, या जागांसाठी निघणाऱ्या सोडतीत नाव लागलं तर. आठवीनंतर फी भरावी लागेल हे धरून चला, आणि गणवेश-पुस्तकांचं त्या शाळेत आधीच विचारा, कारण मोफत असूनही पालकांकडं पैसे मागितल्याच्या तक्रारी होतात.

मला मात्र वाटतं की त्याला बहिणीच्याच शाळेत घालावं, वरचं सगळं तपासून ती शाळा खरी ठरली तर. दोघं बरोबर जातील-येतील. सोडतीचा अर्ज भरायचा असेल तर जरूर भरा, तो तुमचा हक्क आहे. फक्त घरात एवढं ठरवून घ्या की तो मुलगा आहे म्हणून त्याला फीची शाळा आणि ती मुलगी आहे म्हणून तिला उरलेली, असं होणार नाही. हे मालकांशी बोला. ज्या बापाला लेकीच्या फोटोखालचे शब्द एवढे लागले, त्याला हे कळेल.

अर्ज भरा नाहीतर न भरा, कागद आजपासून जमवायला लागा. मुलाचा जन्मदाखला, राहत्या जागेचा पुरावा, मालकांचा जातीचा दाखला. भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, साधा लिहिलेला चालत नाही. जातीचा दाखला सुरगाण्यावरून आणायचा असेल तर वेळ जातो, म्हणून छाटणी सुरू व्हायच्या आत एकदा गावी जाऊन या. पहिलीसाठी, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, तारीख भाचीकडून मोजून घ्या. अर्ज ऑनलाइन असतो, गेल्या काही वर्षांत कधी जानेवारीत तर कधी उन्हाळ्यात निघालाय, तेव्हा डिसेंबरपासूनच महापालिकेच्या शिक्षण विभागात किंवा जवळच्या शाळेत विचारत राहा. आणि जातीचा दाखला काढायला जालच, तर मुलीचाही त्याच फेरीत काढून घ्या. पुढच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला तिलाही तो लागणार आहे.